पावती मागणारे आणि पावती टाळणारे: नियम न पाळण्याचे दोन वेगळे अर्थ

मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दारावर एक नोटीस लागली. कोथरूडमधली साधी सात मजली बिल्डिंग, लिफ्ट एकच. नोटीस अशी की घरकामाला येणाऱ्या बायका, पेपरवाले, डिलिव्हरीवाले यांनी लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचं, आणि वापरलेली दिसली तर ज्या फ्लॅटमध्ये त्या कामाला जातात त्या फ्लॅटला दर वेळी शंभर रुपये दंड. कारण काय तर लिफ्टचा मेंटेनन्स वाढतोय. आमच्याकडे पाच घरची कामं करणाऱ्या एक मावशी आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे दुखणारे, त्या दुसऱ्या दिवसापासून कठडा धरून जिना चढायला लागल्या आणि आम्ही सगळे बघत होतो. मीसुद्धा बघत होतो, हे आधीच सांगतो.

सहाव्या मजल्यावर एक काकू राहतात, पोस्टातून रिटायर झालेल्या, एकट्या असतात. त्यांनी कमिटीला अर्ज दिला. उत्तर नाही. परत अर्ज दिला, यावेळी पोच घेऊन. तरी काही नाही. मग मीटिंगमध्ये उभ्या राहून विचारलं तर "बघू, पुढच्या वेळी घेऊ" झालं. मग त्यांनी मावशींशी बोलून घेतलं, त्या दोघी काय बोलल्या ते पुढे सांगतो, आणि नोटीस बोर्डवर स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला. सोमवारपासून रोज सकाळी आठ वाजता मी खाली येणार आणि मावशींना माझ्याबरोबर लिफ्टने वर नेणार, दंड माझ्या बिलात लावावा आणि प्रत्येक दंडाची पावती द्यावी. खाली नाव, फ्लॅट नंबर, सही, तारीख.

त्या कागदातलं "पावती द्यावी" माझ्या डोक्यात बसलं ते आजपर्यंत बसलेलंच आहे, कारण आपल्याकडे पावती हा शब्द एरवी बरोब्बर उलटा ऐकू येतो. नळ स्टॉपला सिग्नल तोडून पुढे गेलो आणि मामांनी बाजूला घेतलं की आपण काय म्हणतो, साहेब जाऊ द्या ना, पावती नका फाडू, घरी पेशंट आहे. आता कॅमेरे आलेत तर लोक नंबर प्लेट वाकवून ठेवतात म्हणजे चलन येऊ नये. नियम दोघांनीही मोडला, काकूंनी पण आणि सिग्नल तोडणाऱ्याने पण, पण एकजण पावती मागतोय आणि एकजण पावती टाळतोय. नियम किंवा अधिकार नाकारणे म्हणजे नक्की काय, याच्यावर जगभर प्रचंड लिहिलं गेलंय, कायदेपंडितांनी, तत्त्वज्ञांनी, जेलमध्ये बसलेल्या लोकांनी, पण मला तरी वाटतं त्यातला बराचसा भाग या एका शब्दावरून समजावता येतो, म्हणून हा लेख.

आधी शब्द बघू. आज्ञा न मानणे म्हणजे अवज्ञा. त्याच्या पलीकडे कायदेभंग, म्हणजे ठरवून कायदा मोडणे. असहकार वेगळा, त्यात कायदा मोडायलाच पाहिजे असं काही नाही, फक्त आपण जी मदत रोज करत असतो ती काढून घ्यायची, सरकारी नोकरी सोडायची, पदवी परत करायची, परदेशी कापड घ्यायचं नाही. बंड तर त्याहून वेगळं, बंड करणाऱ्याला सत्ताच उलथवायची असते, त्याला समोरच्याचा कायदाच मान्य नसतो. आणि या सगळ्यात आपल्याला शाळेत पाठ करून घेतलेला शब्द, सविनय कायदेभंग. आपण तो इतक्या वेळा परीक्षेत लिहिलाय की त्यातल्या "सविनय"कडे लक्षच जात नाही.

याची गंमत अशी की मूळ इंग्रजी शब्दात तो विनय इतका ठळक नव्हता. अमेरिकेत थोरो नावाच्या लेखकाने १८४६ मध्ये कर भरायला नकार दिला, कारण त्याचं म्हणणं होतं की हे सरकार गुलामगिरी चालू ठेवतंय आणि मेक्सिकोशी युद्ध करतंय, माझा पैसा त्याला मिळणार नाही. त्याला एक रात्र जेलमध्ये ठेवलं, कोणीतरी त्याच्या परस्पर कर भरून टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सोडून दिलं. तीन वर्षांनी त्याने त्यावर निबंध लिहिला. त्या निबंधाचं पहिलं शीर्षक वेगळं होतं, आपण ज्याला सिव्हिल डिसओबिडियन्स म्हणतो ते नाव तो गेल्यानंतर छापलेल्या आवृत्तीत आलं. त्यातलं "सिव्हिल" बरंचसं नागरिक आणि सरकार यांच्या नात्याबद्दलचं आहे. आपल्याकडे त्याचं झालं सविनय, म्हणजे नम्रपणे, समोरच्याचा अपमान न करता. मला हा बदल फार मोठा वाटतो. नागरिकाने सरकारला नाही म्हणणे ही एक गोष्ट, आणि नाही म्हणताना समोरच्याला माणूस मानत राहणे ही त्याच्यात घातलेली दुसरी, जास्त अवघड अट.

गांधीजींनी ही अट दक्षिण आफ्रिकेत पाळून बघितली होती. १९०६ मध्ये ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची, सर्टिफिकेट जवळ बाळगायचं असा हुकूम निघाला, त्याच्या विरोधात ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गमध्ये सभा झाली आणि लोकांनी शपथ घेतली की नोंदणी करणार नाही, शिक्षा होईल ती भोगू. त्या लढ्याला नाव शोधताना मगनलाल गांधींनी "सदाग्रह" सुचवलं आणि ते बदलून "सत्याग्रह" झालं. म्हणजे बघा, नुसता नकार दिला आणि झालं असं नव्हतं, नकारापुढे शिक्षा भोगू हे त्याच शपथेत होतं.

आता हीच पावती कोर्टात कशी मागायची ते बघायचं असेल तर १८ मार्च १९२२ चा अहमदाबादचा खटला बघा. गांधीजींवर राजद्रोहाचा आरोप होता, त्यांनी तो तिथल्या तिथे कबूल केला आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांना सांगितलं की तुम्हाला हा कायदा चुकीचा वाटत असेल तर राजीनामा द्या, आणि बरोबर वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या. न्यायाधीशांनी टिळकांच्या खटल्याची आठवण काढली, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं झाली होती, तेवढीच सहा वर्षं त्यांना दिली, आणि वर हेही बोलले की पुढे सरकारने शिक्षा कमी केली तर सर्वात जास्त आनंद मला होईल. आरोपी शिक्षा मागतोय आणि न्यायाधीश ती देताना अवघडलाय. मग त्यांना आपल्या येरवड्याला आणलं. जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन ससूनमध्ये झालं आणि फेब्रुवारीत सोडून दिलं. ससूनवरून रोज किती बस जातात, आतल्या किती लोकांना हे माहीत असेल माहीत नाही, पण मला तिथून जाताना तो खटला आठवतो.

त्या खटल्याच्या आधी, १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा झालं होतं, जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि बावीस पोलीस मेले, आणि गांधीजींनी ऐन भरात आलेली असहकाराची चळवळ थांबवली. सहकारी चिडले होते. पण पावतीच्या हिशोबाने बघितलं तर कळतं की का थांबवली. कायदेभंगात किंमत मोडणाऱ्याने स्वतः भरायची असते, तिथे ती दुसऱ्यानेच भरली.

१९३० ला हीच गोष्ट जास्त मोठ्या प्रमाणावर झाली. २ मार्चला व्हाइसरॉय आयर्विनला पत्र, की मी मिठाचा कायदा मोडणार आहे, आणि पत्रात "प्रिय मित्र" असा मायना. १२ मार्चला ७८ जणांना घेऊन साबरमतीहून निघाले, ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. मीठच का, असं बऱ्याच जणांना त्यावेळीही वाटलं होतं, इतके मोठे प्रश्न असताना मीठ काय घेऊन बसलात. पण मीठ सगळ्यांना लागतं, गरिबाला तर घाम गाळून काम करायचं म्हणून जास्तच लागतं, ते समुद्रकाठी फुकट पडलेलं असतं आणि तरी ते उचलणं गुन्हा होता. अन्याय समजावून सांगायला भाषणच लागू नये असा कायदा त्यांनी निवडला. आणि आपल्या महाराष्ट्रात आतल्या भागात समुद्रच नाही तर लोकांनी काय केलं, जंगलाचा कायदा मोडला, राखीव रानातलं गवत कापलं, गुरं चारली. सांगली जिल्ह्यातलं बिळाशी, रायगडमधलं चिरनेर, ही त्या जंगल सत्याग्रहाची गावं. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला आणि माणसं गेली. गवताच्या पेंढीसाठी.

सरकारसुद्धा शिकत होतं हे मला फार उशिरा लक्षात आलं. १९२२ ला कोर्टात उभं केलं तर तो खटलाच लोकांपुढचं भाषण झाला, म्हणून मे १९३० मध्ये गांधीजींना पकडलं ते १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, आणि परत येरवड्यात टाकलं. म्हणजे यावेळी पावतीच द्यायची नाही असं सरकारने ठरवलं. ज्या सत्तेला आपल्या कायद्याची खात्री असते ती उघडपणे पावती फाडते, जिला नसते ती गुपचूप उचलते, असं माझं मत झालंय.

आता हे चालतं कसं, म्हणजे नम्रपणे नाही म्हणून सत्ता का हलते, हा खरा अवघड भाग. सत्ता म्हणजे काय हे आपण डोळ्यासमोर आणतो तेव्हा पोलीस, जेल, बंदूक येते. पण रोजच्या रोज इतक्या लोकांच्या मागे पोलीस लावणं कोणालाच परवडत नाही. बाकी सगळं चालतं ते लोक आपणहून मानतात म्हणून, सवयीने, भीतीने, किंवा पटतं म्हणून. आमच्या लिफ्टच्या नोटिशीचंच घ्या, त्या लिफ्टला ना वॉचमन उभा होता ना कुलूप, एक लॅमिनेट केलेला कागद होता आणि आम्ही छप्पन्न फ्लॅट तो पाळत होतो. उघड नकार दिला की समोरच्यापुढे दोनच रस्ते उरतात, शिक्षा करायची किंवा सोडून द्यायचं. शिक्षा केली तर लोक बघतात की मीठ उचललं म्हणून म्हातारा माणूस जेलमध्ये गेला. सोडून दिलं तर उद्या दुसरा उचलतो. लपून मोडणाऱ्याने असा पेच कधीच पडत नाही, उलट तो चोरून मोडतो तेव्हा एका अर्थी नियमाला मान्यताच देतो, सगळ्यांनी पाळा, मी तेवढा सुटतो.

आणि नकार बघून दुसऱ्याला धीर येतो हे मोजलेलं आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून काही प्रयोग केले. साध्या माणसांना बोलवायचं, सांगायचं की समोरच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून शॉक द्या, दर चुकीला वाढवत न्या, ४५० व्होल्टपर्यंत. शॉक खोटे होते, पण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं, त्याला पलीकडून ओरडणं ऐकू यायचं आणि बाजूला उभा असलेला संशोधक शांतपणे म्हणायचा, चालू ठेवा. चाळीस पैकी सव्वीस जण शेवटपर्यंत गेले. वाईट माणसं नव्हती हो ती, घाम फुटत होता, हात थरथरत होते, तरी दाबत होते, कारण "सर" म्हणतायत. पण दुसऱ्या एका प्रयोगात त्याच्याबरोबर आणखी दोघं बसवले, आतून ठरवलेले, आणि ते मधेच उठून म्हणाले आम्ही नाही करणार. तर चाळीस पैकी फक्त चारजण शेवटपर्यंत गेले. सव्वीसचे चार, फक्त दोन माणसं उठली म्हणून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजमध्ये होतो आणि मला वाटलं होतं मी नक्की त्या उठणाऱ्या दोघांमधला असणार. लिफ्टच्या नोटिशीने मला दाखवलं की मी सव्वीसमधला होतो, आणि काकूंमुळे थांबलो.

बंदूक हातात असलेल्या माणसाचा नकार तर अजून वेगळाच. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायचा हुकूम झाला आणि गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी तो मानला नाही. कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. तेव्हा "वरून ऑर्डर होती" हे उत्तर बऱ्याचदा चालायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यांत नाझी अधिकाऱ्यांनी हेच उत्तर दिलं आणि ते चाललं नाही, हुकूम होता म्हणून गुन्ह्यातून सुटका नाही हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. म्हणजे काही वेळा नियम पाळणं हाच गुन्हा ठरतो.

इथपर्यंत कायदा आणि सरकार झालं. पण पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला लागू नये की अधिकार फक्त सरकारचा नसतो. भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांनी इंग्रजांचा कोणताही कायदा मोडला नव्हता. त्यांनी मोडली ती रूढी, आणि रूढीची पावती जास्त महाग असते कारण ती घरचे फाडतात, त्यांना वडिलांचं घर सोडावं लागलं, शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण चिखल टाकला. पर्वतीवर आपण सकाळी फिरायला जातो, १९२९ मध्ये तिथल्या देवळात जायचा हक्क मागायला दलित सत्याग्रही त्याच पायऱ्या चढले आणि त्यांच्यावर दगड आले.

महाडचं तर सगळ्यात समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे कायदा चक्क सत्याग्रहींच्या बाजूने होता. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, त्यानंतर महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी कोणाची हिंमत नव्हती तिथे ओंजळ भरायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांना घेऊन ते पाणी प्यायलं, आणि नंतर परतणाऱ्या लोकांना गाठून मारहाण झाली. म्हणजे त्या दिवशी नियम पाळणारे मार खात होते आणि मारणारे स्वतःला नियमाचे रक्षक समजत होते. कोण आज्ञा मोडतंय आणि कोण पाळतंय हे नुसतं बाहेरून बघून ठरत नाही ते असं. कोर्टात पुढे दहा वर्षं गेली, १९३७ ला हायकोर्टाचा निकाल लागला.

आणि याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत काय सांगितलं ते सत्याग्रहाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला पाहिजे. ते म्हणाले की संवैधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असहकार, कायदेभंग, सत्याग्रह यांना समर्थन होतं, पण आता ते मार्ग खुले झालेत तर या पद्धती सोडून द्यायला हव्यात, हे अराजकाचं व्याकरण आहे. पाण्यासाठी स्वतः सत्याग्रह केलेला माणूस हे म्हणतोय. माझा बरेच दिवस याच्याशी झगडा चालू होता. आता मला ते असं समजतं की मताचा अधिकार आहे, कोर्ट आहे, अर्ज आहे, तर आधी ते दरवाजे ठोकले पाहिजेत, रस्त्यावर उतरणं ही पहिली पायरी होऊ शकत नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या जेलमधून लिहिलेल्या पत्रात क्रम सांगितलाय, आधी खरंच अन्याय होतोय का याची माहिती गोळा करा, मग बोलणी करा, मग स्वतःच्या मनाची तयारी, की मार पडला तर उलटा मारणार नाही ना, जेल सोसेल ना, आणि त्यानंतर कृती. काकूंनी ते पत्र वाचलं असेल असं मला नाही वाटत पण दोन अर्ज, एक पोच, एक मीटिंग आणि मग कागद, हा क्रम तोच आहे.

कधी कधी दरवाजा ठोकल्यावर उघडतोही. केरळमध्ये १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं कारण ती राष्ट्रगीताला मानाने उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये मुलांना परत घ्यायला लावलं, गायलाच पाहिजे असा कायदा नाही आणि उभं राहणं हा आदर आहेच. पण हे गृहीत धरू नका. हेतू चांगला होता एवढ्यावरून कायदा मोडल्याची शिक्षा आपोआप माफ होत नाही, जमावबंदी मोडली तर गुन्हा दाखल होतो, पूर्वी ते आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, कलम १८८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. पावती फाडलीच जाते, म्हणून तर तिला अर्थ आहे.

मग हेल्मेट? हा प्रश्न पुण्यात कोणीतरी विचारणारच. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा इथे उघडपणे विरोध झाला, मोर्चे निघाले, लपून काही नव्हतं. उघडपणा होता हे मी मान्य करतो. पण मला त्याला कायदेभंग म्हणवत नाही, कारण त्या नियमाने कोणाला खाली ढकललं जात नव्हतं, कोणाचं पाणी, जमीन, माणूसपण जात नव्हतं. गैरसोय आणि अन्याय हे दोन शब्द आपण फार सैल वापरतो. राँग साइडने येणाऱ्याचं तर बोलूच नका, त्याची किंमत समोरून चालत येणारी आजी भरते.

आणि हरण्याबद्दल बोलायलाच पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. पुण्यापासून तासाभरावर मुळशी धरण आहे, पावसाळ्यात आपण भजी खायला जातो. त्या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांची गावं आहेत. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटांचं धरण मंजूर झालं, आणि १९२१ ला शेतकरी "जान किंवा जमीन" म्हणत कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट पुढे होते, सेनापती हे नाव त्यांना इथेच मिळालं. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळे जेलमध्ये गेले. तीनेक वर्षांत लढा मोडला, धरण झालं. बापटांनी शेवटी शांततेची अट सोडून शस्त्र घेऊन रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. एसबी रोडच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत बसलेल्या आपल्यापैकी किती जणांना तो रस्ता कोणाच्या नावाचा आहे हे ठाऊक असतं? शेतकऱ्यांनी पूर्ण किंमत भरली आणि हातात काही आलं नाही. असंही होतं.

किंमत सगळ्यांना सारखी नसते हेही तिथेच दिसतं आणि मावशी आणि काकू काय बोलल्या ते इथे सांगतो. काकूंनी त्यांना विचारलं की मी असं करणार आहे, चालेल का. मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचे शंभर रुपये जातील, माझी पाच घरं जातील." काकू दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनी बाकीच्या चार घरी स्वतः जाऊन सांगितलं की मावशींवर काही येणार नाही, जे काही आहे ते माझ्या नावावर, आणि त्या चारही घरांकडून शब्द घेतला की त्यांना काढणार नाही. त्यातलं एक घर आमचं. नुसतं तत्त्वासाठी उभं राहणं सोपं असतं जेव्हा पेन्शन चालू असते, आणि दुसऱ्याच्या नोकरीवर स्वतःचं तत्त्व उभं करू नये याची जी काळजी काकूंनी घेतली ती मला कागदावरच्या सहीपेक्षा मोठी वाटते.

सोमवारी आठला काकू खाली आल्या. मंगळवारी पण. सेक्रेटरी दारात उभे राहिले तर त्यांना "नमस्कार, या ना बरोबर" म्हणाल्या आणि सहाचं बटण दाबलं. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचं नवरा बायको त्यांच्या स्वयंपाकाच्या ताईंबरोबर लिफ्टमध्ये दिसले. त्यानंतर मी खाली जायला लागलो. महिनाभरात नऊ फ्लॅटच्या बिलात दंड लागला, काकूंचा आकडा सगळ्यात मोठा. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, विषय निघाला, दीड तास भांडण झालं, मेंटेनन्सचा खर्च कोणी काढून दाखवू शकलं नाही, आणि नोटीस मागे घ्यायचं ठरलं. दंडही माफ करायचा ठराव कोणीतरी मांडला.

काकूंनी हात वर केला आणि म्हणाल्या माझा नको माफ करू, मी कळवून मोडला होता. चेक त्या घेऊनच आल्या होत्या. खजिनदाराला दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या, तो कपाटातून पावती पुस्तक शोधून आणेपर्यंत.